पोटगीच्या अर्जावर "जारकर्म" असा जबाब आलाय. पोटगी थांबते का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो. घरचं प्रकरण अंगावर आलं म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण दीड वर्षापासून आमच्याकडं माहेरी आहे, सोबत आठ वर्षांची भाची. दाजी एक पैसा देत नाहीत. ताई एका पतसंस्थेत लागली, हातात साडेआठ हजार येतात. शेवटी तालुक्याच्या कोर्टात जेएमएफसी म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं पोटगीचा अर्ज टाकला, ताईसाठी आणि भाचीसाठी. परवा दाजींचा जबाब आला. सात पानं. चौथ्या पानावर लिहिलंय की अर्जदार नं. १ ही परपुरुषासोबत जारकर्मात राहत असल्याने पोटगी मिळणेस पात्र नाही. परपुरुष म्हणजे पतसंस्थेतले एक सहकारी. पुरावा म्हणून ताई मोटारसायकलवर मागं बसलेली असे तीन फोटो, व्हॉट्सॲपच्या गप्पांच्या झेरॉक्स आणि गूगल पेची एक नोंद, त्या गृहस्थांनी ताईला दोन हजार पाठवल्याची. ते भिशीचे आहेत, भिशी पतसंस्थेतल्या अकरा जणांची आहे. भाचीबद्दलही एक वाक्य आहे. ते इथं लिहवत नाही, पण अंदाज येईल.

जारकर्म हा शब्द मला शब्दकोशात बघावा लागला. म्हणजे व्यभिचार. आईनं विचारलं काय लिहिलंय, तर "कायद्याचं काहीतरी आहे" म्हणून वेळ मारून नेली. वडिलांनी मात्र वाचलं. दोन दिवस जेवले नाहीत.

दाजींनी जिल्ह्याच्या ठिकाणी घटस्फोटाचा दावाही टाकलाय, त्यातही कारण हेच. माझा प्रश्न एवढाच की नुसता असा आरोप केला की पोटगी बंद होते का? आमचे वकील माणूस चांगले आहेत, पण तोंड उघडत नाहीत. "बघू, तारखेला या."

तिरकस | मंगळवार, रात्री ११:०५

२०१८ ला सुप्रीम कोर्टानं व्यभिचार माफ केला ना? मग दाजींना म्हणावं बसा पेपर वाचत. धागा संपला.

काळा_डगला | बुधवार, सकाळी ६:५०

तिरकसराव, अर्धी बातमी वाचली की असं होतं. २७ सप्टेंबर २०१८ ला जोसेफ शाइन खटल्यात गेलं ते भारतीय दंड संहितेचं कलम ४९७, म्हणजे फौजदारी गुन्हा. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवला म्हणून तुरुंग, ते संपलं. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार जागच्या जागी आहे, आणि पोटगीच्या कलमातला त्याचा उल्लेखही.

कृष्णाकाठ, मी तीस वर्षं कौटुंबिक बाजू चालवली, आता डगला खुंटीला आहे. तेव्हा हे वकिली मत समजू नका, कट्ट्यावरच्या गप्पा समजा. तुमचा अर्ज १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली आहे. जुनं कलम १२५ तेच, नंबर बदलला. कोर्टात अजूनही सगळे "एकशे पंचवीस"च म्हणतात. त्याच्या पोटकलम ४ मध्ये तीन अडसर आहेत. बायको जारकर्मात राहत असेल, पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडं नांदायला नकार देत असेल, किंवा दोघं आपसमजुतीनं वेगळे राहत असतील, तर पोटगी नाही.

सगळी मारामारी "राहत असेल" या क्रियापदावर आहे. "केलं असेल" असं कायदा म्हणत नाही. कधीतरी पाऊल घसरलं, एखादा प्रसंग घडला, एवढ्यानं हा अडसर लागत नाही. संबंध चालू हवा, पुन्हापुन्हा घडणारा हवा, आणि अर्जाच्या काळात किंवा त्याच्या आसपास असायला हवा. बरीच उच्च न्यायालयं वर्षानुवर्षं हेच सांगत आलीत. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की सातत्यानं आणि वारंवार घडलेला व्यभिचारच पोटगी अडवू शकतो.

आणि हे सिद्ध करायचं ओझं जो म्हणतो त्याच्यावर, म्हणजे दाजींवर. ताईंना "मी तशी नाही" हे सिद्ध करत बसायचं नाहीये. हे आधी वडिलांना सांगा. आणि जेवायला बसवा.

गवती_चहा | बुधवार, सकाळी ८:१५

शेवटच्या दोन वाक्यांना +१. वाचनखूण साठवली.

भोगलेला | बुधवार, दुपारी १:३०

काकांनी छान सांगितलं, आता दुसऱ्या बाजूनं सांगतो. मी नाशिकचा. माझ्या बाबतीत आरोप नव्हता, खरं होतं. पंचाऐंशी हजार देऊन गुप्तहेर लावला. लॉजचं रजिस्टर, दोघांचे एकत्र जातानाचे येतानाचे फोटो, तारखांसकट. पोटगीच्या कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणाले, दोन प्रसंग दिसतात, पण "राहते" असं यातून दिसत नाही. द्या पोटगी. मी साडेसहा वर्षं दर महिन्याला पैसे भरले. घटस्फोटाच्या दाव्यात त्याच फोटोंवर, त्याच रजिस्टरवर, त्याच लॉजच्या मॅनेजरच्या साक्षीवर व्यभिचार सिद्ध झाला. डिक्री घेतली आणि पोटगी रद्द करून घेतली. मधले भरलेले पैसे? ते कोण परत देतंय.

एकाच शहरात, एकाच पुराव्यावर एक कोर्ट म्हणतं नाही आणि दुसरं म्हणतं हो. हे कुणीतरी मला मराठीत समजावून सांगा.

तिरकस | बुधवार, दुपारी १:४१

*पॉपकॉर्न*

काळा_डगला | बुधवार, सायंकाळी ७:२०

तिरकस, पॉपकॉर्न बाजूला ठेवा, माणूस खरंच पोळलाय.

भोगलेला, दोन्ही कोर्टं बरोबर होती, हेच तर दुखणं आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तेव्हा घटस्फोटासाठीसुद्धा "जारकर्मात राहणे"च लागायचं. १९७६ च्या दुरुस्तीनं ते बदललं. लग्नानंतर जोडीदाराखेरीज दुसऱ्या कुणाशीही स्वेच्छेनं शरीरसंबंध, एकदा जरी सिद्ध झाला तरी कलम १३ खाली कारण पुरतं. पोटगीच्या कलमातले शब्द मात्र कुणी हलवले नाहीत, २०२३ मध्ये सगळी संहिता नवी लिहिली तेव्हाही नाहीत. म्हणून दोन प्रसंगांवर घटस्फोट मिळतो आणि त्याच दोन प्रसंगांवर पोटगी थांबत नाही. घटस्फोटानं लग्न मोडतं, पोटगी अडवली तर जेवण तुटतं. दोन्हीला एकच माप लावायचं नाही असं कायदेमंडळानं ठरवलं असेल, किंवा १९७६ ला कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला दुसरं जास्त संभवतं.

कृष्णाकाठ, आता तुमच्या कामाचं. भोगलेल्यांच्या प्रकरणात डिक्रीनंतर जे झालं, ते तुम्ही नीट वाचा. मुंबई उच्च न्यायालयाचा या विषयावरचा जो निकाल दाखवतात तो तुमच्याच भागातून गेलेला आहे. नवऱ्याला २००० साली व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मिळाला होता, पुढं बायकोची पोटगी वाढवून मिळाली, सांगलीच्या सत्र न्यायालयानं ती काढून टाकली आणि उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. छत्तीसगड उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये असाच निकाल दिला, व्यभिचारावर घटस्फोटाची डिक्री झाली की तोच पोटगी नाकारायला पुरेसा पुरावा.

याच्या उलट युक्तिवादही आहे, आणि मला तो पटतो. परित्यागाच्या कारणावर घटस्फोट झालेल्या बाईला सर्वोच्च न्यायालयानं २००० साली पोटगी दिली. घटस्फोटित स्त्री म्हणून तिचा हक्क वेगळा आणि तो नव्यानं सुरू होतो, असं त्यात आहे. मग लग्नच उरलं नाही तर "जारकर्मात राहणे" कुणाच्या संदर्भात? पण आज मुंबईच्या हद्दीत वारा कुठल्या बाजूनं आहे ते मी वर सांगितलं.

सार एवढंच की तालुक्याच्या कोर्टातल्या अर्जापेक्षा जिल्ह्यातला दावा धोक्याचा आहे. तुमचं सगळं लक्ष तालुक्यात अडकलंय. जिल्ह्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, वेळेत गेली का? एकतर्फी डिक्री झाली तर मग मात्र पंचाईत.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:५८

काका, दंडवत. जिल्ह्याच्या दाव्यात आमची एक तारीख गैरहजर गेलीय. उद्याच वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसतो.

मंजिरी_तुळशीची | गुरुवार, सकाळी ११:१०

मी लिहू की नको असा रात्रभर विचार केला. लिहितेच.

मी पुण्याची. माझ्यावरही हाच आरोप झाला होता, ऑफिसातल्या टीम लीडवरून. उलटतपासणीत मला विचारलेले प्रश्न अजून पाठ आहेत. "दुचाकीवर बसलात तेव्हा तुमचा उजवा हात कुठे होता?" "पाऊस होता म्हणता, तर रेनकोट एकच कसा?" "रात्री साडेनऊचा मेसेज, 'पोचलीस का', हे कुठल्या ऑफिसच्या कामात बसतं?" समोर नवरा बसलेला, मागच्या बाकावर दुसऱ्या केसची माणसं, आणि टायपिस्ट बाई प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून टाइप करायच्या. उजवा हात सीटच्या मागच्या कडीला होता, हे मी तीनदा सांगितलं.

ताईंना एक करायला सांगा. घटस्फोटाच्या दाव्याची सुनावणी बंद दाराआड करून मागा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये ती सोय आहे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, मला जे शेवटी उपयोगी पडलं ते. बायकोच्या चारित्र्यावर कैफियतीत चिखल उडवायचा आणि सिद्ध काहीच करायचं नाही, ही स्वतःच मानसिक क्रूरता ठरते. सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल आहे, मुंबईतूनच गेलेला. त्या नवऱ्यानं नंतर दुरुस्ती करून ते आरोप मागं घेतले होते, तरी न्यायालय म्हणालं की घाव व्हायचा तो झाला. माझ्या वकीलबाईंनी त्यावर मला घटस्फोट मिळवून दिला. म्हणजे माझ्या नवऱ्यानं आपल्याच हातानं मला कारण लिहून दिलं, सही करून, शपथेवर.

पोटगी? मिळाली. किती ते विचारू नका, टीम लीडनं माझ्या लग्नात दिलेल्या आहेरापेक्षा थोडी जास्त.

गवती_चहा | गुरुवार, सकाळी ११:३४

मंजिरीताई, __/\__

पिंपळपान | गुरुवार, दुपारी ३:०२

अवांतर: ही "आरोप सिद्ध झाला तरी उपाशी मारायचं का" अशी चर्चा काही आजची नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात व्यभिचारिणीला काय करावं ते सांगितलंय. अधिकार काढून घ्या, मळक्या वस्त्रांत ठेवा, जमिनीवर निजवा, पण घरातच ठेवा आणि "पिंडमात्रोपजीविनी", म्हणजे जगण्यापुरता घास द्या. अपमानाची यादी लांबलचक आहे, तरी घास तुटत नाही. इंग्रजी अमदानीतल्या हिंदू कायद्यात यावरूनच अन्नवस्त्रापुरत्या पोटगीची कल्पना चालत आली. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ नं तोही घास काढला, बायको "असती" म्हणजे व्यभिचारी असेल तर वेगळं राहण्याचा आणि निर्वाहाचा हक्कच नाही. या एका मुद्द्यावर आधुनिक कायदा स्मृतीपेक्षा कडक निघाला. उगाच गंमत म्हणून सांगितलं.

तिरकस | गुरुवार, दुपारी ३:१५

गंमत? जमिनीवर निजवणं?

पिंपळपान | गुरुवार, दुपारी ३:२०

शब्द चुकला. मागे घेतो.

रॅलीकर | गुरुवार, दुपारी ४:४०

अमेरिकेतून, नॉर्थ कॅरोलायना. इकडे सगळं मोकळंढाकळं असेल असं वाटायचं. तर आमच्या राज्यात कायद्यातच लिहिलंय की पोटगी मागणाऱ्यानं विभक्त होण्यापूर्वी बाहेर संबंध ठेवला असेल तर पोटगी नाहीच. देणाऱ्यानं ठेवला असेल तर पोटगी द्यावीच लागेल, आणि दोघांनीही ठेवला असेल तर न्यायाधीश ठरवतील. एकदाच की चालू, असला काथ्याकूट नाही. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत. तिथं २००५ पासून अगदी टोकाचं काही असल्याशिवाय किंवा भानगडीत घरचा पैसा उडवल्याशिवाय पोटगीत हा विषय येतच नाही. म्हणजे आमच्याकडच्या बायका-नवऱ्यांनी भांडण करायच्या आधी राज्य बघून घर घ्यावं. :)

सोलापुरी_चादर | गुरुवार, रात्री ८:००

नवऱ्याचंच बाहेर असंल तर? तेला काय नाय का? आमच्या गल्लीत एक जण दुसरी करून बसलाय आन पयलीवरच आळ घेतोय.

काळा_डगला | गुरुवार, रात्री ८:४५

आहे ना. पोटगीच्या त्याच कलमात स्पष्टीकरण आहे. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं किंवा बाई ठेवली असेल तर बायकोनं नांदायला नकार देणं रास्तच धरलं जातं, त्या कारणावर तिची पोटगी अडत नाही. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये हा नियम दोघांना आहे. ज्याला कायमची पोटगी मिळते, ती बायको असो की नवरा, त्यानं बाहेर संबंध ठेवला तर दुसऱ्याच्या अर्जावरून कोर्ट ती रक्कम बदलू शकतं किंवा रद्द करू शकतं. "शकतं" म्हणतोय, करायलाच हवं असं नाही. आणि दावा चालू असतानाच्या अंतरिम पोटगीचं कलम २४ आहे, त्यात तर व्यभिचाराचा अडसरच लिहिलेला नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा घ्या, त्याच्या कलम २० मध्येही नाही.

म्हणून दारं बरीच आहेत. फक्त एका दारातून गेलात की दुसऱ्या दारात ते सांगावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा, नोव्हेंबर २०२०. त्या निकालानं दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरवून टाकलं. कृष्णाकाठ, दाजींचं शपथपत्र आलंय का? जबाब सात पानांचा आणि शपथपत्र नाही असं बऱ्याचदा असतं. चारित्र्यावर सात पानं लिहिणाऱ्याला पगारावर दोन ओळी जड जातात.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:३०

नाही आलं! बरोबर ओळखलंत. आणि काका, ते भाचीबद्दलचं. जबाबात डीएनएची मागणी करणार असं लिहिलंय.

काळा_डगला | गुरुवार, रात्री १०:१०

करू द्या. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६. गर्भधारणेच्या काळात दोघांचा सहवास शक्यच नव्हता हे दाखवल्याशिवाय ते हलत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याहून गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं की बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी लेकराची डीएनए तपासणी सरसकट मागता येणार नाही. भांडण आईबापांचं आहे, मुलाला त्यात हत्यार करू नका, असा एकूण सूर.

आणि मुलीची पोटगी हा स्वतंत्र हक्क आहे. आईवरचे सगळे आरोप उद्या खरे ठरले तरी त्यावर ओरखडा येत नाही. हा कायदा अनौरस मुलालाही पोटगी देतो. तेव्हा अंतरिम अर्जात मुलीची रक्कम वेगळी मागा, एकत्र मोघम नको.

फोटो-चॅटचं सांगतो. झेरॉक्स म्हणजे पुरावा नव्हे. मोबाइलमधलं काही कोर्टात द्यायचं तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आधी ६५ब म्हणायचे, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे यावर २०२० मध्ये शिक्कामोर्तब झालं ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणातून. खोतकर-गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, त्याच्या व्हिडिओ चित्रीकरणावरून वाद. देशभरातल्या नवराबायकोंच्या व्हॉट्सॲपला आता जालन्याचा नियम लागतो.

कौटुंबिक न्यायालय असतं तर त्याला पुराव्याच्या बाबतीत जरा सैल हात आहे, कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जोडीदारानं चोरून केलेलं फोन रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या प्रकरणात चालेल असं म्हटलंय. तेव्हा ताईंना सांगा, दाजींचा फोन आला तर समोरचा रेकॉर्ड करतोय असं धरूनच बोलायचं. पण तुमच्या तालुक्यात जेएमएफसी आहे, कौटुंबिक न्यायालय नाही, कलम १४ ची सैल तिथं मिळत नाही.

भोगलेला, तुम्हाला गुप्तहेरानं कॉल रेकॉर्डही देऊ केले असतील?

भोगलेला | शुक्रवार, सकाळी ९:०५

केले होते, वर तीस हजार मागितले. मी नाही घेतले.

काळा_डगला | शुक्रवार, सकाळी ९:२०

वाचलात. २०१८ ला ठाणे पोलिसांनी सीडीआर, म्हणजे हेच कॉल रेकॉर्ड, विकणारी अख्खी टोळी धरली होती, त्यात खासगी गुप्तहेरच होते.

कृष्णाकाठ, एक शेवटचं काम. ते तीन फोटो घरी शांतपणे बघा. आरोप विसरा आणि फोटो बघा. जागा कुठली, ऊन कुठल्या बाजूनं, अंगावर कपडे कुठले, गाडी कुठली, नंबर दिसतो का. मी हे प्रत्येक पक्षकाराला सांगायचो. चिडलेला माणूस फोटोतली बाई बघतो, मागची पाटी बघत नाही.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०:५०

काका, बघितले. ताई आणि मी दोघं मिळून, भिंगातून. फोटो नं. २ बघून ताई इतकी हसली की आई आतून धावत आली. कितीतरी महिन्यांनी हसली. इथं लिहू का?

काळा_डगला | शुक्रवार, रात्री १०:५३

मुळीच नाही. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथला प्रतिसादही लवकर काढून टाका, संपादकांना सांगून.

तिरकस | शुक्रवार, रात्री १०:५५

अरे! आम्हाला काय बांधून मारताय?

(काही प्रतिसाद संपादक मंडळाने काढले आहेत.)

गवती_चहा | चार महिन्यांनी

धागा वर काढतेय. कृष्णाकाठ, काय झालं पुढे?

कृष्णाकाठ | त्याच दिवशी, रात्री

अंतरिम पोटगी झाली. ताईला चार हजार, भाचीला चार हजार, अर्जाच्या तारखेपासून. आदेशात एक परिच्छेद आहे की जारकर्माचा आरोप हा पुराव्याचा विषय आहे, या टप्प्यावर त्यावर पोटगी नाकारता येत नाही. ताईचा पगार धरून रक्कम कमी केली, ते मान्य. जिल्ह्यात उशीर माफीचा अर्ज मंजूर होऊन कैफियत दाखल झाली, पाचशे रुपये कॉस्ट बसली. वकील आता थोडं बोलतात.

दोन महिने पैसे आले. तिसऱ्याला नाहीत.

काळा_डगला | दुसऱ्या दिवशी, सकाळी

वसुलीचा अर्ज टाका, थांबू नका. थकल्यापासून एक वर्षाच्या आत टाकावा लागतो. वॉरंट निघून आधी जप्ती, आणि तरी नाही दिले तर थकलेल्या हप्त्याला एक महिन्यापर्यंत कैद. बहुतेक वेळा वॉरंट घेऊन पोलीस दारात आला की पैसे कुठूनतरी सापडतात.

कृष्णाकाठ | एक वर्षाने

आता सांगतो तिरकसराव, खूप वाट बघायला लावली. काकांनी परवानगी दिलीय, कारण दाजींची उलटतपासणी काल झाली.

आधी आमच्या वकिलांनी भिशीची वही दाखल केली, अकरा सह्यांची. मग व्हॉट्सॲपच्या झेरॉक्सना प्रमाणपत्र नाही म्हणून हरकत घेतली, ती नोंदवून घेतली. मग फोटो. फोटो नं. १ आणि ३ मध्ये ते सहकारी आहेत खरे, पण मागं पतसंस्थेचा फलक आहे आणि बाजूला अजून दोन गाड्यांवर स्टाफ बसलेला. वसुलीला निघालेले सगळे.

मग फोटो नं. २. एसटी स्टँडसमोर मोटारसायकल, चालवणाऱ्याच्या डोक्यावर काळं हेल्मेट, मागं ताई, हातात पिशवी. आमचे वकील, जे वर्षभर बोलत नव्हते, ते एकदम मऊ आवाजात विचारते झाले.

"हेल्मेट घातलेला इसम तुम्ही कसा ओळखलात?"

"अंगलटीवरून. तोच आहे."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के. माझा जारकर्माचा आरोप याच इसमाबाबत आहे."

"गाडीचा नंबर वाचा."

दाजींनी वाचला.

"ही गाडी कुणाची, माहीत आहे?"

"त्याचीच असणार."

वकिलांनी आरसी बुकची प्रत पुढं केली. नाव वाचायला सांगितलं. दाजींनी वाचलं आणि वर बघितलं, थेट मागच्या बाकावर माझ्याकडं.

गाडी माझी. हेल्मेट माझं. भाचीच्या शाळेच्या गॅदरिंगचं कापड आणायला मी ताईला घेऊन स्टँडवर गेलो होतो, पिशवीत कापड होतं. ताईनं ते मूळ आरसी बुक त्या शुक्रवारपासून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं होतं. मधल्या काळात मला दोनदा ट्रॅफिक पोलिसानं अडवलं, तरी दिलं नाही तिनं.

तिरकस | पाच मिनिटांनी

माझं सगळं पॉपकॉर्न कुर्बान.

भोगलेला | अर्ध्या तासाने

माझ्या फोटोंमध्ये हेल्मेट नव्हतं. पण तुमच्या ताईंसाठी बरं वाटलं, मनापासून.

मंजिरी_तुळशीची | एक तासाने

टायपिस्टनं "शंभर टक्के" तसंच टाइप केलं ना? बघून घ्या. कधीकधी "होय" एवढंच टाइप करतात.

कृष्णाकाठ | एक तास दहा मिनिटांनी

वकिलांनी तिथंच वाचून घेतलं. "शंभर टक्के" आहे. युक्तिवादाची तारीख पुढच्या महिन्यात. वडील येणार म्हणतायत, त्यांना आत घेतात का?

काळा_डगला | दोन तासांनी

घेतात. डबा घेऊन जा म्हणावं, युक्तिवाद जेवणानंतर लागतो.